फुटपाथमधल्या काचा आणि आमच्या तळघरातला कवडसा

बायकोचं म्हणणं एकच होतं, मला दोऱ्याचा रंग दिसला पाहिजे. दोरा ट्यूबलाइटमध्ये पण दिसतो हो, पण त्याचा रंग खरा दिसत नाही. जांभळ्या साडीला फॉल लावायचा, बरोब्बर त्याच छटेचं रीळ काढायचं, खाली ट्यूबखाली दोन्ही एकसारखे आणि वर रस्त्यावर नेलं की एक वांग्याच्या सालीचा नि दुसरा जांभळाचा. मग ती दिवसातून दहा वेळा साडीचा पदर आणि मूठभर रिळं घेऊन जिना चढून दारात जायची, लंडनच्या जानेवारीत, स्वेटरवर शाल घेऊन, आणि तिथं उभी राहून मॅच करायची. येणारेजाणारे बघत जायचे. तर हे सगळं प्रकरण त्या रिळांपासून सुरू झालं, इतिहासाची आवड वगैरे मला आधी काही नव्हती.

२०२२ च्या सप्टेंबरमध्ये आम्ही क्लार्कनवेलच्या बाजूला हे दुकान भाड्यानं घेतलं. वर छोटा गाळा, खाली तळघर. ब्लाउज, फॉल-पिको, पँटी छोट्या करणे, इथल्या लोकांच्या कोटांची अस्तरं बदलणे. मी दिवसभर लॅपटॉपसमोर नोकरी करतो आणि शनिवार-रविवार तिचा बिनपगारी हेल्पर असतो. तळघराचा पुढचा भाग दुकानाच्या भिंतीच्या बाहेर जातो, म्हणजे चक्क फुटपाथच्या खाली, हे मला सही करून झाल्यावर लक्षात आलं. लंडनमध्ये हे फार कॉमन आहे. पूर्वी घरं बांधताना पायासाठी खणलेली माती पुष्कळदा पुढच्या रस्त्यावरच टाकायचे आणि रस्ताच उंच करायचे, त्याच्या पोटात कोळसा ठेवायच्या कोठड्या, आणि फुटपाथमध्ये ताटाएवढं गोल लोखंडी झाकण, कोळसेवाला वरूनच पोतं रिकामं करून जायचा, घरात काळे पाय यायला नकोत म्हणून. पुढे दुकानं वाढली, जागा महाग झाली, तशा ह्या रस्त्याखालच्या जागा लोक गोडाऊन, कारखाने, छापखाने म्हणून वापरायला लागले. आता तिथं माणूस दिवसभर बसवायचा तर उजेड पाहिजे, आणि त्या काळी उजेड म्हणजे तेलाचा दिवा नाहीतर गॅस. बंद खोलीत गॅस जाळला की उकाडा, काजळी, डोकेदुखी आणि आग लागायची भीती, चारही फुकटात.

आमच्या तळघराच्या त्या पुढच्या भागाचं छत काळ्या ऑइलपेंटनं रंगवलेलं होतं आणि त्याला ओळीनं टेंगळं होती, ढोकळ्याच्या वड्या उलट्या टांगल्यासारखी. मला वाटलं आवाज कमी करायला काहीतरी लावलं असेल. वर फुटपाथवर त्याच जागी डांबराचं मोठं ठिगळ होतं. दोन गोष्टींचा एकमेकांशी संबंध आहे हे पाच महिने डोक्यात आलं नाही.

संबंध लावून दिला कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या पालिकेच्या पत्रानं. कुणीतरी त्या ठिगळात अडखळलं होतं, सुदैवानं लागलं नाही, पण डांबर फुटून लोखंडाचा कोपरा वर आलेला. पत्रात हायवेज ॲक्ट १९८० चं कलम १८० होतं. मी बसून वाचलं. रस्त्याखाली तळघर असेल, रस्त्यात त्याचं झाकण, जाळी, काच, कोळशाचं भोक काहीही असेल तर ते नीट ठेवायची जबाबदारी मालकाची किंवा वापरणाऱ्याची. नाही ठेवलं तर कौन्सिल नोटीस देणार आणि चोवीस तासांनंतर स्वतः काम करून बिल तुमच्या नावावर फाडू शकणार. म्हणजे चालणार सगळं गाव, आणि सांभाळायचं आम्ही. घरमालकाला फोन केला, तो म्हणाला लीज वाचा. लीज वाचलं तर त्यात दोन अर्थ निघत होते. पुढचे दीड महिने जे ईमेल झाले ते सांगून तुमचा वेळ घेत नाही, शेवटी खर्च अर्धा-अर्धा ठरला.

पहिला कॉन्ट्रॅक्टर आला, त्यानं बुटाच्या टाचेनं ठिगळावर दोन ठोके दिले आणि म्हणाला खालून फळ्या मारून काँक्रीट भरून टाकू, दोन दिवसांचं काम, सगळे हेच करतात. रेट पण बरा होता. मी हो म्हणणारच होतो. पण जाता जाता तो बोलून गेला की खाली जुन्या काचा आहेत म्हणून जरा मोडतोड जास्त होईल. बायकोनं शिलाई मशीन थांबवलं. काचा? कसल्या काचा?

त्या रविवारी सकाळी मी हेअर ड्रायरसारखी ती गरम हवेची गन आणि पत्रा घेऊन फुटपाथवर उकिडवा बसलो. डांबर मऊ करायचं, खरवडायचं, परत मऊ करायचं. अर्ध्या तासात हाताच्या तळव्याएवढी जागा मोकळी झाली आणि खाली खरंच जाड, ओरखडे पडलेली काच. बायको खाली स्टुलावर उभी राहून आतला काळा रंग खरवडत होती. मला वरून काही कळत नव्हतं, एकदम खालून ओरडली, आला! मी धावत खाली गेलो. आणि खरी गंमत अशी की उजेड तिच्या डोक्याखाली, काचेच्या बरोबर खाली पडलाच नव्हता. तो पार आत, सात-आठ फुटांवर, मागच्या भिंतीवर एक चौकोनी कवडसा होऊन बसला होता.

आता कवडसा म्हटलं की मला आजोळ आठवतं, राजापूरच्या बाजूचं, कौलारू घर, स्वयंपाकघरात छपरात एक काचेचं कौल. तिथून येणारा कवडसा सकाळी चुलीपाशी असायचा आणि सरकत सरकत उंबऱ्याकडे जायचा, आजीचं घड्याळच ते, कवडसा अमुक पाटापाशी आला की भात टाकायचा. पण त्या कौलाचा उजेड असतो तिथंच, बाजूला अंधार. साधी काच तेवढंच करू शकते, वरून आलेला उजेड खाली सोडते. फुटपाथखालच्या खोलीला वर उघडी जागा फक्त रस्त्याच्या कडेला मिळते, मग साध्या काचेनं उजेड तिथंच कडेला जमिनीवर पडून राहणार आणि काम करणारे आत अंधारात. म्हणून ही काच खालून तिरकी कापलेली असते. एक बाजू उभी, समोरची बाजू उतरती. वरून आलेला उजेड त्या उतरत्या बाजूवर आतून आपटतो, आणि काचेतून हवेत जाताना जर तो साधारण बेचाळीस अंशांपेक्षा जास्त तिरका असेल तर त्याला बाहेर पडताच येत नाही, सगळाच्या सगळा परत फिरतो, पारा लावलेला आरसा असल्यासारखा. फिरतो तो उभ्या बाजूतून आडवा बाहेर, खोलीत खोलवर. दहावीला सायन्समध्ये पूर्ण आंतरिक परावर्तन पाच मार्कांना घोकलेलं, ते असं चाळिशीनंतर डोक्यावर टांगलेलं भेटलं.

काँक्रीटवाल्याला नको म्हणून कळवलं. दुसरा एकजण म्हणाला जुनं सगळं काढू, नवी काँक्रीटची चौकट आणि त्यात नव्या काचा, हे पण चांगलं आणि मजबूत असतं. तिसरा मात्र आपल्याकडे ज्याला जुना मिस्त्री म्हणतो तसा माणूस निघाला, साठीच्या पुढचा, ओतीव लोखंडाची रेलिंगं, फाटकं दुरुस्त करणारा. त्यानं काहीच न बोलता छिन्नीच्या मुठीनं एकेक काच वाजवायला सुरुवात केली. टण, टण, थड, टण. अगदी आपण माठ घेताना वाजवून बघतो तसं. टण म्हणजे धड, थड म्हणजे आत तडा. मी वहीत खुणा करत होतो. दोन पॅनेल, एकेकात ४८ घरं, एकूण ९६. त्यातली २२ कुणीतरी आधीच सिमेंटनं बुजवलेली, १७ तडकलेली, ५७ धड. त्याचा रेट काँक्रीटच्या तिप्पट होता. बायको म्हणाली माझ्या गुडघ्यांचा रेट पण धर त्यात, दहा वेळा जिना.

कौन्सिलच्या जुन्या इमारती बघणाऱ्या बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या होतं तसंच दुरुस्त करताय तर वेगळी परवानगी लागणार नाही, फक्त फुटपाथ अडवणार त्याचं लायसन्स घ्या. ते यायला तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत मी रात्री जागून ह्या काचांच्या मागे लागलो, आणि आता ऐका कारण इथं मजा आहे.

ही युक्ती मूळची जहाजांवरची. लाकडी जहाजाच्या पोटात काळोख, दिवा न्यावा तर सगळीकडे लाकूड, दोर आणि डांबर, तोफा असतील तर दारू. म्हणून डेकमध्येच काचेचा ठोकळा बसवायचे, वरून सपाट म्हणजे पायात येत नाही, खालून टोकदार म्हणजे उजेड पसरतो. इंग्लंडमध्ये अशा डेकच्या काचेचं पेटंट १६८४ सालचं आहे, शिवाजी महाराजांना जाऊन चारच वर्षं झाली होती तेव्हा. अमेरिकेत मिस्टिक सीपोर्टच्या संग्रहालयात चार्ल्स डब्ल्यू. मॉर्गन नावाचं १८४१ चं व्हेल पकडायचं जहाज अजून जपून ठेवलंय, त्याच्या डेकच्या काचेच्या प्रतिकृती लोक पेपरवेट म्हणून विकत घेतात. आणि कोळशाच्या जहाजांवर त्याचा उलटा उपयोग पण व्हायचा, खाली कोळसा पेटला तर वर डेकवरच्या माणसाला त्याच काचेत लाल दिसायचं.

जमिनीवर पहिल्यांदा लोकांनी सरळ एक मोठी गोल काच लोखंडी कड्यात बसवून बघितली, रॉकवेल नावाच्या माणसाचं पेटंट १८३४ चं. मोठी काच म्हणजे एक दणका आणि खेळ खल्लास. मग न्यूयॉर्कच्या थॅडियस हायटनं १८४५ मध्ये पेटंट घेतलं ते असं की एकच मोठी काच कशाला, लोखंडाच्या जाड पत्र्याला खूप भोकं पाडा आणि प्रत्येकात छोटी काच, आणि काचांच्या मध्ये लोखंडाच्या गाठी ठेवा म्हणजे बूट आणि गाडीचं चाक आधी लोखंडाला लागेल. एक काच फुटली तर एकच बदलायची. ह्या माणसानं त्यावर बक्कळ पैसा केला, आणि मला त्याच्याबद्दल जास्त आवडलं ते पुढचं. तो गुलामगिरीच्या कडव्या विरोधात होता. गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या जॉन ब्राउननं हार्पर्स फेरीच्या सरकारी शस्त्रागारावर हल्ला केला त्याची अमेरिकेच्या सिनेटनं चौकशी लावली, हायटला साक्षीला बोलावलं, तर हा म्हणाला मला असं बोलवायचा तुम्हाला अधिकारच नाही, आणि १८६० मध्ये वॉशिंग्टनच्या तुरुंगात सुमारे तीन महिने जाऊन बसला. पुढे लंडनला आला, आणि काँक्रीटमध्ये लोखंड घालून तुळया केल्या तर काय होतं ह्याचे प्रयोग केले, ते १८७७ मध्ये छापले. म्हणजे आज ज्याला आपण आरसीसी म्हणतो त्याच्या सुरुवातीच्या लोकांपैकी हा एक, फुटपाथच्या काचेवरून तिथं पोचलेला. त्या तुळया तोडून बघितल्या सदर्कमधल्या डेव्हिड किर्कल्डीच्या टेस्टिंग वर्क्समध्ये. ती इमारत अजून आहे, सदर्क स्ट्रीटवर ९९ नंबर, दारावर दगडात कोरलंय की तथ्यं हवीत, मतं नकोत. मी एका दुपारी लंच ब्रेकमध्ये जाऊन बघून आलो, ऑफिसात डेंटिस्ट सांगितलं.

तिथून चालत दहा मिनिटांच्या आत बरो भाग लागतो, आणि हे का सांगतोय तर आमच्या पॅनेलवर वायर ब्रश फिरवल्यावर आधी नुसतं 'वर्ड' अशी अक्षरं आली, मग 'हे', मग 'ब्रदर्स', आणि खाली 'बरो, लंडन'. हेवर्ड ब्रदर्स. लंडनच्या फुटपाथवर हे नाव इतक्या ठिकाणी आहे की एकदा दिसलं की मग सगळीकडे तेच दिसतं. हायटच्या काचा बऱ्याचशा उजेड खाली टाकणाऱ्या होत्या, तो आडवा आत फेकायची ती अर्ध्या प्रिझमची काच एडवर्ड हेवर्डनं १८७१ मध्ये पेटंट केली. मी त्या दिवसांत रस्त्यानं खाली बघतच चालायचो. बायको म्हणाली काय, सुटे पैसे शोधतोयस का.

लायसन्स आलं, काम सुरू झालं. पॅनेल जागेवरून उचलून मिस्त्रीच्या वर्कशॉपमध्ये न्यायची असा प्लॅन होता, पण एक पॅनेल उचललं गेलं आणि दुसरं हललंच नाही, ते जागेवरच करायचं ठरलं आणि त्यात मी मदतनीस. काच सोडवायची म्हणजे तिच्या चारी बाजूंचं दगड झालेलं पुट्टी-सिमेंट बारीक छिन्नीनं कोरत जायचं, घाई केली की काच गेली. पहिल्या काचेला मला पाऊण तास लागला. वरचा राखाडी थर निघाला आणि आत केशरी-लाल रंग दिसला, अगदी आपल्या मारुतीच्या मूर्तीला असतो तो. मी म्हटलं हे तर शेंदूर! आणि खरंच शेंदूर, म्हणजे शिशाचं तांबडं भस्म, लोखंडाचे सांधे बुजवायला तेलात मळून लावायचे. मिस्त्रीनं टेस्ट किटची काडी घासली, ती लाल झाली, शिसं आहे. मग मास्क, हातमोजे, सगळं ओलं करून खरवडायचं म्हणजे धूळ उडत नाही, आणि पोरांना त्या आठवड्यात दुकानात बंदी. आमच्या सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या शेंदूर लागलाय म्हणजे देवाचंच काम आहे, नीट करा.

काचा मुळात का तडकतात तर बुटांनी नाही. लोखंडाला गंज चढला की ते फुगतं, गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, आणि काच चारी बाजूंनी आवळली जाते. एक दिवस थड. त्यातून पाणी आत, पाण्यानं आणखी गंज, त्यानं शेजारची काच. म्हणून मग लोक वैतागून सिमेंट भरतात, डांबर ओततात. आणि तोवर वीज इतकी स्वस्त झालेली की ह्या उठाठेवीचं कुणाला काही वाटेना. त्याआधी मात्र धंदा जोरात होता, शिकागोच्या लक्सफर कंपनीनं तर दुकानांच्या दर्शनी काचांच्या वर उभे प्रिझमचे पडदे लावायला सुरुवात केली होती, त्यांच्यासाठी १८९७ मध्ये फ्रँक लॉइड राइटनं, पुढे जगप्रसिद्ध झालेला आर्किटेक्ट, तेव्हा तो तिशीत होता, नक्षीची डिझाइनं करून दिली होती.

सहा काचा काढताना फुटल्या. त्यातल्या दोन माझ्या हातून. राहिल्या ५१.

धुतल्यावर कळलं की ५१ पैकी बऱ्याच जांभळट आहेत. हातात घेऊन आभाळाकडे धरली की जांभळं खाऊन हात धुतल्यावर जे पाणी राहतं तो रंग. मला वाटलं शोभेसाठी केल्या असतील. मिस्त्री हसला. काच करायची वाळू, तिच्यात थोडं लोह असतंच, त्यानं काच हिरवट होते. तो हिरवेपणा मारायला मँगनीज घालायचे, काचवाले त्याला काचेचा साबणच म्हणायचे. काच पांढरी स्वच्छ निघायची. पण तेच मँगनीज वर्षानुवर्षं उन्हातल्या अतिनील किरणांत राहिलं की हळूहळू जांभळं होतं. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मँगनीज वापरायचं कमी झालं, म्हणून जांभळी काच दिसली की ती साधारण त्याआधीची समजायची. कुणी रंग दिलाच नव्हता, शंभर वर्षांच्या उन्हानं दिला, तेही लंडनच्या उन्हानं, म्हणजे विचार करा.

मी फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला तर सिॲटलच्या मावसभावाचा लगेच फोन, अरे ह्या तर आमच्या पायोनियर स्क्वेअरला खंडीभर आहेत. तिथली गोष्ट अजून भारी. ६ जून १८८९ ला सिॲटलचा बाजारभाग जळून गेला. परत बांधताना पालिकेनं रस्ते उंच करायला घेतले, पण दुकानदार थांबायला तयार नव्हते, त्यांनी जुन्याच पातळीला दुकानं बांधली. काही काळ असा की रस्ता वर, फुटपाथ खाली खड्ड्यात, आणि लोक शिड्या लावून चढतायत उतरतायत. मग वर नवीन फुटपाथ घातले, जुने खाली बोगद्यासारखे राहिले आणि त्यांच्यात उजेड यायला वर काचा. १९०७ मध्ये प्लेगच्या भीतीनं ती खालची जागा बंद केली. हा तोच प्लेग, त्याच साथीची लाट, ज्यानं १८९६ मध्ये मुंबई आणि १८९७ मध्ये पुणं हलवलं होतं. आता तिथं तिकीट काढून टूर असते. भावानं खालून व्हिडिओ पाठवला, डोक्यावर जांभळा उजेड आणि त्यावरून सरकणाऱ्या बुटांच्या सावल्या. म्हणाला दहा वर्षं ह्यावरून चालत ऑफिसला जातोय, कधी खाली बघितलं नाही.

तर आमच्याकडे कमी पडत होत्या ४५. जुन्या सामानाच्या यार्डात त्याच मापाच्या १४ मिळाल्या, बाकी ३१ नव्या, पांढऱ्या स्वच्छ. आणि इथं भांडण लागलं. मिस्त्रीचं म्हणणं जुन्या जांभळ्या सगळ्या मधोमध एकत्र लावू, वरून बघायला सुंदर दिसतील. बायकोचं म्हणणं मी वरून बघणार नाहीये, खालून बघणार आहे, आणि जांभळ्या उजेडात मी जांभळा दोरा कसा ओळखू? बरोबरच होतं की. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप तेच बोंबलणार होतं. मिस्त्री थोडा वेळ गप्प बसला, मग त्यानं सगळ्या काचा नुसत्या कागदी टेपनं घरांत अडकवल्या आणि तिला म्हणाला तुमच्या टेबलावर पांढरं कापड पसरा आणि बसा. मग मी वरून एकेका ओळीवर पुठ्ठा ठेवायचा आणि ती खालून सांगणार, गेला, नाही गेला, थोडा गेला. असं करून कुठल्या काचांचा उजेड नेमका टेबलावर येतो ते शोधलं. तिथं पांढऱ्या, बाकी ठिकाणी जांभळ्या. वरून बघितलं तर डिझाइन काही नाही, गोधडी जोडल्यासारखं दिसतं. मला तेच आवडतं, मिस्त्रीला अजून आवडत नाही.

गंज घासून लोखंडाला प्रायमर आणि रंग. काचा बसवायला आता शेंदूर नाही, सिमेंट पण नाही, रबरासारखं लवचिक राहणारं सीलंट, कारण लोखंड उन्हात वाढतं आणि थंडीत आकसतं, त्याला हलायला थोडी जागा पाहिजे. शेवटच्या दोन ओळी मिस्त्रीनं माझ्यावर सोडल्या. मी लावल्या, खूश होऊन खाली आलो, तर मागच्या भिंतीवर उजेडाची झकास रांग आणि उलट्या बाजूला, रस्त्याकडच्या ओल्या भिंतीवर, तीन चौकोन एकटेच चमकतायत. तीन काचा मी उलट्या बसवल्या होत्या. उभी बाजू खोलीकडे पाहिजे, मी रस्त्याकडे केली, त्या बिचाऱ्या इमानेइतबारे रस्त्याच्या पोटाला उजेड देत होत्या. सीलंट सुकायच्या आत काढून फिरवल्या, एकाचं सीलंट त्या गडबडीत नीट बसलं नाही. त्याच रात्री पाऊस आला. ताडपत्री होती तरी ती एक काच टपटप करायला लागली आणि खरं सांगायचं तर अजून मोठ्या पावसात करते, खाली एक डबा ठेवलेला असतो. मिस्त्री म्हणतो ती तुझी सही आहे.

खोलीला आतून पांढरा रंग दिला, हे पण जुनंच शहाणपण, लंडनच्या जुन्या इमारतींत उजेडासाठी सोडलेल्या चौकांना आतून पांढऱ्या चकचकीत विटा लावलेल्या असतात त्या ह्याचसाठी. लख्ख उजेड झाला असं म्हणणार नाही. मे-जूनमध्ये दुपारी ट्यूब बंद ठेवून काम होतं, नोव्हेंबर ते जानेवारी फारसा उपयोग नाही, डिसेंबरात चारच्या आत सूर्यच गुल होतो तर काच काय करणार. पण दोरा मॅच करायला दुपारचा तासभर जरी मिळाला तरी तिला पुरतो, रिळं तेवढ्यात काढून ठेवते. जिना आता फक्त चहासाठी.

एक गोष्ट आधी डोक्यात आली नव्हती. वर कुणी उभं राहिलं की टेबलावर अंधार. चालणाऱ्यांचं काही नाही, सावली येते आणि जाते, त्याची सवय झाली, पण फोनवर बोलत थांबणारे लोक. मग खालून हाक येते, वर जा आणि बघ कोण खांब रोवून उभं आहे. मी जातो, काहीतरी झाडल्यासारखं करतो, माणूस सरकतो. परवा शनिवारी एका पैठणीचं ब्लाउज चालू होतं, अर्जंट, आणि भर दुपारी टेबल काळं. वर गेलो तर एक म्हाताऱ्या बाई, एका हातात कुत्र्याची दोरी, चष्मा कपाळावर चढवून कमरेत वाकलेल्या, बोटानं हवेत एकेक अक्षर गिरवत लोखंडावरचं नाव वाचत होत्या. हे... वर्ड... त्यांना सरका म्हणायचं जिवावर आलं. खाली येऊन ट्यूब लावली.